यूकोड१५ नावाची फाइल आणि ताईच्या लॅपटॉपचं वायफाय

ताईचा लॅपटॉप २०१० सालचा. दोन जीबी रॅम, बॅटरी कधीच संपलेली म्हणून कायम चार्जरला लावलेला, पण कीबोर्ड आणि स्क्रीन अजून ठणठणीत. त्यावर विंडोज ७ होतं, त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये बंद झाला, नंतर साइट नीट उघडेनात, आणि नेमकी त्याच काळात भाची बारावीला, क्लास ऑनलाइन, घरात बरा म्हणावा असा एकच फोन आणि तो ताई ऑफिसला घेऊन जाणार. २०२१ च्या गणपतीत मी त्यांच्याकडे डोंबिवलीला गेले तेव्हा भाची म्हणाली, मावशी तू तुझ्या लॅपटॉपवर ते लिनक्स टाकलंयस ना, मग याच्यावर पण टाक की. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी सिस्टिम आणि डेबियन हा तिचा एक प्रकार. डेबियन ११ महिनाभरापूर्वीच, १४ ऑगस्टला आलं होतं, माझ्या पर्समध्ये ते पेनड्राइव्हवर तयारच होतं, मी म्हटलं आण, जेवायच्या आत होईल. ते काम दसऱ्यापर्यंत चाललं.

हे सगळं लिहून ठेवतेय कारण मला त्या पाच आठवड्यांत जे कळलं ते पहिल्या दिवशी कोणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर भाचीचे कितीतरी तास बुडाले नसते. आणि अजूनही कोणी जुना लॅपटॉप समोर ठेवून "वायफाय दिसत नाही" म्हणालं की मला तीच गोष्ट परत पहिल्यापासून सांगावी लागते.

तर पहिला दिवस. इन्स्टॉलर सुरू झाला, भाषा वगैरे निवडून झाली, आणि मध्येच एक पान आलं की तुमच्या काही हार्डवेअरला चालण्यासाठी फर्मवेअरच्या फाइल लागतात, त्या पेनड्राइव्हवर असतील तर द्या. खाली नाव होतं बी४३/यूकोड१५.एफडब्ल्यू, आणि त्याच्याच खाली बी४३-ओपन/यूकोड१५.एफडब्ल्यू. मला वाटलं काहीतरी किरकोळ असेल, नंतर बघू, "नाही" दाबलं आणि पुढे गेले. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर असलं पान कधी आलंच नव्हतं. बाकी सगळं छान बसलं, स्क्रीन, आवाज, टचपॅड, अगदी ब्राइटनेसची बटणं सुद्धा, फक्त वर कोपऱ्यात वायफायची खूणच नाही. नेटवर्क दिसत नाहीत असं नाही, वायफाय नावाची गोष्टच त्या मशीनमध्ये नाहीये असं ते वागत होतं.

मी तेव्हा केलं तेच बहुतेक जण करतात, फोनवर "लिनक्स वायफाय नॉट वर्किंग" शोधलं आणि समोर आलेली पहिली कमांड टाकली. तीही धड टाकता येईना कारण तिला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठीच तर सगळा खटाटोप. लॅन केबल घरात नव्हती. शेवटी आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघणारे दादा आहेत त्यांना फोन केला, सणाच्या दिवशी, आणि त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर निदान दहा जणांना सांगितलं असेल: अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं लॅपटॉपला लावायचा आणि सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टिथरिंग चालू करायचं. लॅपटॉपला तो फोन साधं वायर्ड नेटवर्क कार्ड वाटतो, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्या हार्डवेअरशी बोलणारा प्रोग्राम, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) असतोच, काहीही टाकावं लागत नाही. आणि फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा जात नाही. हे केलं आणि दहा सेकंदांत इंटरनेट आलं.

आता इथे थांबून मी जर नीट वाचलं असतं तर विषय त्याच संध्याकाळी मिटला असता. दादांनी एक कमांड पण सांगितली होती, एलएसपीसीआय, पुढे डॅश एनएनके. तिनं लॅपटॉपच्या आत काय काय बसलंय त्याची यादी येते. त्यात ओळ होती बीसीएम४३१२, एलपी-पीएचवाय, कंसात १४ई४:४३१५, आणि खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज: बी४३-पीसीआय-ब्रिज". म्हणजे कार्ड ओळखलं गेलं होतं! ड्रायव्हर होता! मला मात्र ते वाचून काहीच अर्थबोध झाला नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की वायफाय नाही म्हणजे ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणजे कुठून तरी आणून टाकायचा.

मग मी एका जुन्या लेखावरून कार्डाच्या कंपनीचा, ब्रॉडकॉमचा, स्वतःचा बंद (म्हणजे आतला कोड जाहीर नसलेला) ड्रायव्हर टाकला. त्याचा मोड्यूल डब्ल्यूएल नावाचा, डेबियनमध्ये तो नॉन-फ्री विभागात असतो आणि डीकेएमएस म्हणून एक व्यवस्था आहे तिच्यामार्फत तो आपल्याच मशीनवर बांधला जातो. त्यासाठी कर्नलच्या हेडर फाइल लागतात, त्या नव्हत्या म्हणून पहिल्यांदा फसलं, मग चालू कर्नलचे हेडर टाकले, परत बांधला, रीबूट केलं आणि वायफाय आलं. भाचीनं अक्षरशः उडी मारली. मी आरतीला वेळेत पोचले. त्याच लेखात पुढे एक ओळ होती, एक छोटी फाइल बनवून तिच्यात देशाचा कोड यूएस ठेवायचा म्हणजे सिग्नल जोरात येतो, ती पण मी डोळे झाकून चिकटवली. ही ओळ लक्षात ठेवा, ती पुढे येणार आहे.

तीनेक आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी भाचीचा फोन, मावशी वायफाय गेलं आणि केमिस्ट्रीची टेस्ट आहे साडेदहाला. आदल्या रात्री अपडेट झाले होते आणि त्यात नवीन कर्नल आला होता. बंद ड्रायव्हर हा कर्नलच्या बाहेरचा पाहुणा, कर्नल बदलला की त्याला नव्या कर्नलसाठी परत बांधावं लागतं, डीकेएमएस ते आपोआप करतं पण हेडर असतील तरच, आणि मी हेडर टाकले होते ते फक्त त्या एका जुन्या कर्नलचे. लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे सरसकट पॅकेज टाकलं असतं तर नव्या कर्नलबरोबर नवे हेडर आपोआप आले असते. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. ताईनं ऑफिसला उशिरा जाऊन तिचा फोन दिला आणि टेस्ट झाली, पण मला फार वाईट वाटलं. परीक्षेच्या वर्षाला आलेल्या मुलीच्या हातात मी असं काहीतरी दिलं होतं जे एका अपडेटमध्ये पडू शकतं.

त्यावर मी ठरवलं की हे कार्डच नको. माझ्या लॅपटॉपमध्ये आहे तसलं बसवू, माझं कधी कुरकुरलं नाही. माझ्यात काय आहे ते बघितलं तर एआर९२८५, अथेरॉसचं, ड्रायव्हर एथ९के. आणि इथून मला या सगळ्यामागचा इतिहास वाचायची गोडी लागली. अथेरॉसच्या त्याआधीच्या कार्डांसाठी लिनक्सवर मॅडवायफाय नावाचा ड्रायव्हर होता आणि त्याचा मधला एक महत्त्वाचा थर बंद होता, नुसता बायनरी, आत काय चाललंय ते कोणी बघू शकत नव्हतं. ओपनबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या सिस्टिमच्या लोकांनी त्या थराचा अभ्यास करून स्वतःचा मोकळा कोड लिहिला, त्याच कामाच्या पायावर लिनक्सचा एथ५के उभा राहिला, तो २००८ च्या एप्रिलात २.६.२५ कर्नलमध्ये आला. आणि मग त्याच वर्षी जुलैत अथेरॉसनं स्वतःहून नव्या कार्डांसाठी एथ९के हा पूर्ण मोकळा ड्रायव्हर दिला. माझ्या लॅपटॉपवर इतकी वर्षं जे निवांतपणे चालत होतं त्याच्यामागे एवढं सगळं घडलेलं होतं.

१५ ऑगस्टपासून दोन डोस झालेल्यांना लोकल सुरू झाली होती, त्यामुळे एका शनिवारी मी लॅमिंग्टन रोडला गेले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत. तिथल्या एका गाळ्यात जुन्या लॅपटॉपांचे सुटे भाग डब्यांत भरून ठेवलेले असतात, मिनी पीसीआय एक्सप्रेसची अर्ध्या आकाराची कार्डं एका डब्यात, सगळी एकसारखी हिरवी. मी चिपचा नंबर सांगितला तर त्या भाऊंनी भिंग घेऊन एकेक कार्ड तपासलं आणि एआर९२८५ काढून दिलं, चारशे रुपये. आणि म्हणाले, ताई, लॅपटॉप कुठला ते आधी सांगा, काही कंपन्यांचे बायोस दुसरं कार्ड घेत नाहीत. (बायोस म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम.) मी म्हटलं बघते. शेजारच्या दुकानातून एक यूएसबी डोंगल पण घेतला, हाताशी असावा म्हणून. त्याचं मॉडेल मी वाचून ठेवलं होतं, त्यात एआर९२७१ चिप असते आणि त्या चिपचं फर्मवेअर सुद्धा मोकळं आहे, डेबियनच्या मुख्य विभागातच मिळतं. इतकं सगळं मोकळं असलेला वायफाय डोंगल शोधून सापडत नाही, म्हणून मी खूश होते.

रविवारी लॅपटॉप उलटा केला, दोन स्क्रू काढले, झाकण उघडलं. कार्डावर दोन बारीक वायरी लावलेल्या असतात, एक काळी एक पांढरी, त्या अँटेनाच्या, स्क्रीनच्या कडेनं वर गेलेल्या. त्यांची टोकं इतकी नाजूक की नखानं अलगद उचलायची, ओढायची नाहीत. जुनं कार्ड काढलं, नवं तिरकं घालून दाबलं, वायरी लावल्या. चालू केलं. काळ्या स्क्रीनवर मेसेज आला की ओळखीचं नसलेलं वायरलेस कार्ड सापडलं, ते काढा आणि मशीन परत सुरू करा. बस, पुढे काहीच नाही, लिनक्सपर्यंत गाडी पोचतच नाही. त्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये परवानगी असलेल्या कार्डांची यादी होती आणि माझं कार्ड त्या यादीत नव्हतं. गाळ्यातले भाऊ खरं बोलत होते. आपण विकत घेतलेल्या मशीनमध्ये आपण कुठलं कार्ड बसवायचं हे दुसऱ्यानं ठरवायचं याचा मला अजूनही राग येतो. (ते कार्ड वाया गेलं नाही. ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या जुन्या नेटबुकात बसवलं, तिथे लिनक्सवर लगेच चाललं, आणि एकदा हौसेनं ओपनबीएसडी टाकून बघितलं तर तिथेही एथएन या ड्रायव्हरनं पहिल्या बूटलाच ओळखलं, एकही फाइल न मागता.)

जुनं कार्ड परत बसवलं आणि डोंगल लावला. दिवा लागला नाही. एलएसयूएसबी, म्हणजे यूएसबीला काय लावलंय त्याची यादी देणारी कमांड, दिली तर त्यात एआर९२७१ चं नावच नाही, दुसऱ्याच कंपनीची चिप, ८१८८ नंबरची. खोका परत बघितला तर मॉडेल तेच, पण बारकोडच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात आवृत्ती छापलेली, ती पहिली नव्हती. मॉडेलचं नाव तेच ठेवून आतली चिप बदलायची आणि गिऱ्हाइकाला कळण्यासाठी एवढीशी खूण ठेवायची हे मला बरोबर वाटत नाही. तेव्हापासून मी कुठलंही वायफायचं सामान घेताना मॉडेल बघतच नाही, चिप कुठली आणि आवृत्ती कुठली एवढंच विचारते, दुकानदाराला माहीत नसेल तर घेत नाही.

पण त्याच डोंगलनं मला खरी गोष्ट शिकवली. डीमेसेज उघडलं, म्हणजे कर्नल बूट झाल्यापासून जे जे बोलतो ते सगळं, आणि त्यात ओळ होती की आरटीएलवायफाय/आरटीएल८१८८ईयूएफडब्ल्यू.बिन ही फाइल उपलब्ध नाही. आणि त्याच्या वर थोड्या अंतरावर, मी इतके दिवस न वाचलेली... नाही, ती नव्हतीच, कारण तो बंद ड्रायव्हर टाकताना बी४३ ला बंदी घातली गेली होती, पण इन्स्टॉलरचं ते पहिल्या दिवशीचं पान मला एकदम आठवलं. यूकोड१५.एफडब्ल्यू. दुसरी कंपनी, दुसरी चिप, दुसरा ड्रायव्हर, आणि तक्रार तीच. ड्रायव्हर आहे, फाइल नाही.

तेव्हा मी बसून नीट वाचलं आणि मला कळलं की ड्रायव्हर आणि फर्मवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हर आपल्या मुख्य प्रोसेसरवर चालतो, कर्नलचा भाग म्हणून. पण वायफाय कार्डावर स्वतःचा एक इवलासा प्रोसेसर असतो, हवेत कधी बोलायचं, कधी थांबायचं, पोच कधी द्यायची हे मायक्रोसेकंदांचं काम तो करतो, आणि त्याला चालायला स्वतःचा प्रोग्राम लागतो. हा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. खूपशा कार्डांत तो कायमचा साठवलेला नसतो, वीज गेली की कार्डाची पाटी कोरी, म्हणून दर वेळी मशीन सुरू झालं की ड्रायव्हर लिब/फर्मवेअर या फोल्डरमधून ती फाइल उचलून कार्डात भरतो. फाइल नसली की ड्रायव्हर हात बांधून उभा. विंडोजवर हे आपल्याला कधी दिसत नाही कारण ती फाइल कंपनीच्या ड्रायव्हरच्या पोटातच असते. आणि माझ्या अथेरॉसच्या कार्डाला अशी फाइल लागतच नाही, म्हणून मला ते पान कधी दिसलं नव्हतं.

डोंगलची फाइल फर्मवेअर-रिअलटेक या पॅकेजात होती, टिथरिंग करून टाकली, डोंगल चालू झाला. पण त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या स्टेजिंग फोल्डरमधला, तिथे अजून पुरता घासूनपुसून न झालेला कोड ठेवतात, आणि आतल्या खोलीत गेलं की कनेक्शन तुटायचं. शिवाय तो बाहेर डोकावणारा डोंगल भाचीच्या हाताला लागून दोनदा निखळला. मी म्हटलं आता मूळ कार्डाचाच प्रश्न सोडवू.

त्या मूळ कार्डाची फाइल मात्र फर्मवेअरच्या कुठल्याच पॅकेजात नाही. कारण असं की ती फाइल स्वतंत्रपणे वाटायची परवानगीच नाही, म्हणून डेबियन ती देऊ शकत नाही, कोणीच देऊ शकत नाही. त्यावर लोकांनी जी वाट काढली ती मला फार आवडली. बी४३-एफडब्ल्यूकटर नावाचं एक छोटं अवजार आहे, ते कंपनीनं जाहीर दिलेला बंद ड्रायव्हर उघडून त्याच्या पोटातून फर्मवेअरचे तुकडे कापून काढतं, तुमच्या मशीनवर, तुमच्या हातानं. फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर हे पॅकेज टाकलं की ते स्वतः तो ड्रायव्हर उतरवतं, कापतं आणि तुकडे जागेवर ठेवतं. हे पॅकेज कॉन्ट्रिब विभागात असतं, म्हणून सोर्सेस.लिस्ट या फाइलीत मेनच्या पुढे कॉन्ट्रिब लिहावं लागतं, नाहीतर "असं पॅकेज नाही" म्हणून उत्तर येतं. आणि इन्स्टॉलरनं मागितलेलं ते दुसरं नाव, बी४३-ओपन, ते इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठातल्या लोकांनी लिहिलेल्या मोकळ्या फर्मवेअरसाठी आहे. ते काही जुन्या चिपांवर चालतं, आमच्या ४३१२ वर नाही.

पॅकेज टाकण्याआधी तो बंद ड्रायव्हर काढला. काढला म्हणजे रिमूव्ह केला, आणि इथे परत एक तास गेला. रिमूव्ह केल्यावर पॅकेज जातं पण त्याच्या सेटिंगच्या फाइल राहतात, आणि मॉडप्रोब.डी फोल्डरमधली एक फाइल अजूनही सांगत होती की बी४३ ला लोड करू नका. फर्मवेअर आलं तरी ड्रायव्हर उठेना. पर्ज केल्यावर, म्हणजे सेटिंगसकट काढल्यावर, ती फाइल गेली. मग रीबूट, मग परत काही नाही, मग आरएफकिल लिस्ट म्हणून कमांड दिली तर "हार्ड ब्लॉक्ड: यस". झाकण उघडताना लॅपटॉपच्या कडेचं वायफायचं सरकतं बटण बंद झालं होतं. ते सरकवलं, निळा दिवा लागला, आणि डीमेसेजमध्ये ओळ आली: लोडिंग फर्मवेअर व्हर्जन ६६६.२, तारीख २३ फेब्रुवारी २०११.

नेटवर्क दिसायला लागली. शेजारच्यांची चार, खालच्या दवाखान्याचं एक. आमचंच नाही.

खरंच आमचंच नाही. ताईचा फोन त्याच खोलीत त्याच राउटरवर चालू आणि लॅपटॉपला त्याचा पत्ताच नाही. मला रडू यायचं बाकी होतं. भाचीच शांतपणे म्हणाली, मावशी आपण राउटरच्या पानावर जाऊन बघूया का. तिथे दिसलं की राउटरनं मोकळी जागा शोधत शोधत १३ नंबरचं चॅनल धरलं होतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ पर्यंतची चॅनल चालतात, अमेरिकेच्या नियमांप्रमाणे ११ पर्यंतच. आणि मी गणपतीत ती यूएसची ओळ चिकटवली होती! कर्नल प्रामाणिकपणे अमेरिकेचे नियम पाळत होता, १२ आणि १३ कडे बघतच नव्हता. आयडब्ल्यू रेग गेट ही देशाचा कोड दाखवणारी कमांड दिली तर समोर यूएस लिहिलेलं. ती फाइल बदलून आयएन केलं, रीबूट केलं आणि आमचं नेटवर्क सगळ्यात वर, पूर्ण सिग्नलसह. देशाचा कोड बदलून सिग्नल जोरात येतो वगैरे जे लिहितात त्यावर विश्वास ठेवू नका, जिथे राहता तिथलाच कोड ठेवा, नियम म्हणूनही तेच बरोबर आहे.

दसरा त्या शुक्रवारी होता. भाचीनं लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहिलं आणि त्याच्यावरच क्लास केला. वेग फार नाही, कार्ड जुन्या बी-जी प्रकारचं, कागदावर ५४ एमबीपीएस आणि प्रत्यक्षात वीसच्या आसपास, पण व्हिडिओला तेवढं पुरतं. नंतर कर्नलचे कितीतरी अपडेट आले, वायफाय एकदाही गेलं नाही, कारण बी४३ कर्नलच्या आतलाच आहे, कर्नलबरोबरच तयार होऊन येतो.

त्या रात्री मी मॉडइन्फो बी४३ अशी कमांड देऊन बघितली. त्यात लेखकांची नावं येतात: मार्टिन लँगर, स्टेफानो ब्रिव्हिओ, मिखाएल ब्यूश, गाबोर स्टेफानिक, राफाऊ मिवेत्स्की. या चिपांची कागदपत्रं यांना कोणी दिली नव्हती. मग काम दोन गटांत वाटलं गेलं. एका गटानं बंद ड्रायव्हर उकलून वाचायचा आणि चिपला काय सांगितलं की ती काय करते हे साध्या शब्दांत लिहून काढायचं. दुसऱ्या गटानं त्या बंद कोडाकडे ढुंकूनही बघायचं नाही, फक्त ते वर्णन समोर ठेवून स्वतःचा ड्रायव्हर लिहायचा, म्हणजे उद्या कोणी म्हणू नये की तुम्ही आमचं चोरलं. त्यातून आलेला पहिला ड्रायव्हर जून २००६ मध्ये २.६.१७ कर्नलमध्ये गेला, बी४३ हे नाव जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ बरोबर आलं, आणि आमच्या लॅपटॉपमधल्या कमी विजेच्या चिपांचा आधार त्यानंतर आणखी कष्टानं जोडला गेला. ब्रॉडकॉमनं पुढे सप्टेंबर २०१० मध्ये नव्या चिपांसाठी स्वतःचा मोकळा ड्रायव्हर दिला आणि तो कर्नलमध्ये आलाही, पण ४३१२ त्यात बसत नाही, तिच्यासाठी आजही या लोकांचंच काम चालतं. हे वाचताना मला ज्ञानाचं कौतुक वाटलंच, पण त्याहून जास्त त्यांच्या चिकाटीचं. कोणा अनोळखी माणसाचा लॅपटॉप चालावा म्हणून वर्षानुवर्षं चिपच्या आतला एकेक कप्पा (रजिस्टर) ओळखत बसायचं.

आणि एक नाव त्या यादीत नव्हतं ते मला नंतर सापडलं. पॅकेजनं ती फाइल जिथून उतरवली त्या साइटचं नाव एलडब्ल्यूफिंगर. ते लॅरी फिंगर. बी४३ ची देखभाल त्यांनी वर्षानुवर्षं केली, आणि गंमत म्हणजे माझ्या डोंगलचा तो स्टेजिंगमधला आर८१८८ईयू २०१३ मध्ये कर्नलमध्ये आणणारेही तेच. म्हणजे लॅमिंग्टन रोडवर मी काहीही घेतलं असतं तरी बहुधा मी त्यांच्याच दारात पोचले असते. जून २०२४ मध्ये ते गेल्याची बातमी वाचली. मी त्यांना कधी एक ओळ लिहिली नव्हती. तेव्हा लिहायला हवी होती.

मधल्या काळात डेबियननं पण बदल केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्या लोकांनी मतदान करून ठरवलं की नॉन-फ्री फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायचं, त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर असा वेगळा विभाग केला, आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून ते तसं मिळतं. त्याआधी अनधिकृत म्हणून वेगळी इमेज (पेनड्राइव्हवर टाकायची इन्स्टॉलरची फाइल) शोधावी लागायची आणि नव्या माणसाला ती आहे हेच माहीत नसायचं, मला नव्हतं. मोकळ्या सॉफ्टवेअरची तत्त्वं मला पटतात, पण इंटरनेटशिवाय बसलेल्या माणसाला आधी दार उघडून द्यायला हवं असं मला तेव्हाही वाटत होतं, म्हणून मला तो निर्णय आवडला. फक्त लक्षात घ्या, बी४३ ची फाइल त्या इमेजमध्येही नाही, कारण वाटायची परवानगी अजूनही नाहीच. म्हणून मी ताईच्या लॅपटॉपमधलं लिब/फर्मवेअर/बी४३ हे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलंय, आणि डेबियन १२ टाकलं तेव्हा ते नुसतं जागेवर ठेवून रीबूट केलं, टिथरिंगची सुद्धा गरज पडली नाही.

भाची आता पुण्याला असते, तिच्याकडे नवीन लॅपटॉप आहे, घेण्याआधी तिनं मला फोटो पाठवून विचारलं होतं, मावशी यात वायफायची चिप कुठली हे कसं बघू. जुना लॅपटॉप ताई वापरते, वीजबिल, बँक आणि संध्याकाळी भजनं. राउटर मी ६ नंबरच्या चॅनलवर कायमचा बसवून टाकलाय.